'एस. एफ. सॉरो' ऐकायचा तर 'टॉमी' थोडा वेळ विसरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: द प्रिटी थिंग्ज या ब्रिटिश बँडचा १९६८ सालचा 'एस. एफ. सॉरो' हा अल्बम कुणीतरी 'जगातला पहिला रॉक ऑपेरा', म्हणजे गाण्यांतून एकच कथा सांगणारा रॉक अल्बम, म्हणून सुचवला. दोनदा ऐकला. कथा काही कळली नाही, आवाज गिचमिड वाटला, दोन-तीन गाणी तेवढी आवडली. मग यात एवढं काय आहे, आणि ऐकायचाच तर कुठली आवृत्ती, कशी ऐकायची?

मी ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगच्या कामात बरीच वर्षं आहे. जुन्या टेपा आणि रेकॉर्डी डिजिटल करून देणं हा त्यातलाच एक भाग. त्यामुळे उत्तर थोडं स्टुडिओच्या अंगाने जाईल. या अल्बमच्या बाबतीत मला तोच रस्ता बरोबर वाटतो.

आधी कथेचं बघू. ती कळली नाही हे साहजिक आहे, कारण ती गाण्यांच्या शब्दांत फारशी नाहीच. गायक फिल मे यांनी आधी एक गोष्ट लिहिली होती. मूळ एलपीच्या उघडणाऱ्या कव्हरच्या आत ती तुकड्यातुकड्यांनी छापली होती: एका गाण्याचे शब्द, मग थोडं गद्य, मग पुढचं गाणं. तुम्ही फोनवर ऐकलंत तेव्हा हे गद्य गायब होतं. संगीत नाटकाची नुसती पदं ऐकली आणि मधले प्रवेश कुणी सांगितलेच नाहीत, तर जसं होईल तसं हे झालंय. पद उत्तम असतं, पण ते कोण, कुणाला, का म्हणतंय हे समजत नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे ते गद्य मिळवून वाचणं. पुनर्मुद्रित सीडी किंवा एलपी घ्यायची असेल तर आत ते छापलंय ना, हे आधी बघून घ्या.

तोवर सांगाडा असा. सेबॅस्टियन एफ. सॉरो एका साध्या घरात जन्मतो. वयात येतो, गावातल्या कारखान्यात लागतो, शेजारच्या मुलीच्या प्रेमात पडतो. पहिलं महायुद्ध येतं आणि तो सैन्यात जातो. युद्धानंतर 'अमेरिक' नावाच्या देशात स्थायिक होतो आणि प्रेयसीला बोलावून घेतो. ती ज्या हवाई जहाजातून येते ते उतरताना पेट घेतं आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत जाते. (१९३७ साली न्यू जर्सीत जळालेलं हिंडेनबर्ग इथे सरळ ओळखू येतं.) दुःखात बुडालेल्या सॉरोला बॅरन सॅटर्डे नावाचा एक गूढ माणूस भेटतो. हैतीच्या वूडू परंपरेतला, मृतांचा स्वामी बॅरन सामेदी तो हाच. तो सॉरोला त्याच्याच मनाच्या तळघरात घेऊन जातो, आरसे दाखवतो. तिथून सॉरो परततो तो कुणावरही विश्वास न ठेवणारा माणूस होऊन. पुढे म्हातारपण, आणि शेवटी निव्वळ एकटेपण. सुटका नाही, साक्षात्कार नाही, टाळ्या घेणारा शेवट नाही.

आता त्या 'पहिला रॉक ऑपेरा' बिरुदाबद्दल. माझ्या मते या अल्बमचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय, आणि तेही दोनदा. 'एस. एफ. सॉरो' ब्रिटनमध्ये १९६८च्या डिसेंबरात आला. द हू या बँडचा 'टॉमी' हा गाजलेला रॉक ऑपेरा १९६९च्या मे महिन्यात आला. इथवर हिशोब सरळ आहे. पण अमेरिकेत 'सॉरो' पोचायला १९६९ साल उजाडलं आणि तोवर 'टॉमी' घरोघरी गेला होता. तिथे 'सॉरो' मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या रेअर अर्थ या नव्या लेबलवर निघाला, वरून गोलाकार कापलेल्या, थडग्याच्या दगडासारख्या दिसणाऱ्या कव्हरात. आधी झालेलं काम नंतर पोचलं आणि नक्कल ठरलं. हे पहिलं नुकसान.

दुसरं नुकसान आजही चालू आहे. आता बाजू पालटलीय, 'टॉमीच्या आधी हा होता' असं जो तो सांगतो, आणि नवा श्रोता 'टॉमी' शोधतच आत शिरतो. 'टॉमी' रचणाऱ्या पीट टाउनशेंडने यातून काही उचललं की नाही यावर चर्चा रंगतात. मला त्या वांझोट्या वाटतात, कारण दोन्ही कामांची घडण निराळी आहे. 'टॉमी'त पात्रं बोलतात, एक सूर पुन्हा पुन्हा येतो, प्रसंग पुढे सरकतो. तो रंगमंचासाठीच घडल्यासारखा आहे. 'सॉरो'त प्रसंग जवळजवळ घडतच नाहीत. प्रत्येक गाणं म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातली एक मनःस्थिती, आणि ती मनःस्थिती सांगण्याचं काम शब्दांपेक्षा ध्वनीवर टाकलंय. हे एकदा ध्यानात घेतलं की अल्बम उलगडायला लागतो.

हा ध्वनी आला कुठून? लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआयच्या स्टुडिओतून. काम १९६७च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि पुढच्या सप्टेंबरापर्यंत तुकड्यातुकड्याने चाललं. निर्माता नॉर्मन स्मिथ. १९६५ सालच्या अखेरपर्यंत बीटल्सच्या रेकॉर्डिंगला कन्सोलवर बसणारा माणूस तो हाच. पुढे निर्माता झाल्यावर पिंक फ्लॉइडचे पहिले दोन अल्बम त्याच्याच हाताखाली झाले. बँडवाले त्याला आपल्यातलाच एक मानायचे, आणि ऐकताना ते पटतं. नवीन काही करून बघायला 'नाही' न म्हणणारा, आणि तरीही गाणं हातातून निसटू न देणारा निर्माता क्वचित मिळतो.

बँडची पार्श्वभूमी पाहिली तर हे वळण आणखीच नवलाचं वाटतं. १९६३ साली केंटमधल्या सिडकप भागातल्या आर्ट कॉलेजच्या पोरांनी तो काढला. गिटारवादक डिक टेलर हा रोलिंग स्टोन्सच्या अगदी सुरुवातीच्या संचात बेस वाजवायचा. तिथून बाहेर पडून त्याने फिल मेबरोबर हा बँड उभा केला. १९६४ची त्यांची गाणी म्हणजे केस वाढवलेल्या, उद्धट पोरांचं रांगडं रिदम अँड ब्लूज. १९६७मध्ये आधीच्या कंपनीसाठी केलेल्या शेवटच्या अल्बमवर वाद्यवृंदाचे थर चढवले गेले. तो आजही मला परक्याचा अंगरखा घातल्यासारखा वाटतो. त्याच सुमारास वॉली वॉलर आणि जॉन पोव्ही ही नवी माणसं आली, मग ईएमआय आणि स्मिथ. पोव्ही-वॉलरमुळे बँडला खरी सुरेल साथगायकी मिळाली. 'सॉरो'तल्या त्या थरांवर थर चढवलेल्या आवाजांचं श्रेय मी आधी या दोघांना देतो.

आता 'गिचमिड' या तक्रारीकडे येऊ. ती खोटी नाही. अल्बम चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे ठेवता येणाऱ्या टेपवर झालाय. आज मी साधं जाहिरातीचं जिंगल मिक्स करतो तेव्हाही समोर साठ-सत्तर ट्रॅक असतात, आणि ड्रमचा एक ठोका आवडला नाही तर तेवढाच बदलता येतो. तेव्हा काय करायचे? चार ट्रॅक भरले की ते एकत्र मिसळून दुसऱ्या मशीनवरच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे. उरलेल्या ट्रॅकवर नवे आवाज. ते भरले की पुन्हा तेच. दर वेळी टेपची सरसर थोडी वाढते, वरचे स्वर थोडे बोथट होतात, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. ड्रम आणि बेस एकदा एकत्र गेले की गेले. म्हणजे तिसऱ्या थरावर गायकाला काय हवंय याचा अंदाज पहिल्याच थराला बांधावा लागतो.

त्यामुळे 'सॉरो'तले आवाज एकमेकांत मुरलेले आहेत. मेलोट्रॉन (टेपवर साठवलेले वाद्यांचे सूर वाजवणारा कीबोर्ड) कुठे संपतो आणि माणसांचे आवाज कुठे सुरू होतात हे काही जागी मलाही नीट वेगळं काढता येत नाही, आणि वेगळं काढायची गरजही वाटत नाही. आजच्या स्वच्छ, धुतलेल्या रेकॉर्डिंगला सरावलेल्या कानाला हे पहिल्यांदा खटकणारच.

दोन-तीन जागा सांगतो, त्या हेडफोन लावून ऐका.

'प्रायव्हेट सॉरो' हे युद्धाचं गाणं. लष्करी कवायतीचा स्नेअर ड्रम, त्यावर शिटीसारखी हलकीफुलकी बासरी. चाल जवळजवळ गमतीची, पोरं सहलीला निघाल्यासारखी. मग गाणं शेवटाकडे येतं तसा मागे एक कोरडा आवाज नावं वाचायला लागतो. मेलेल्या सैनिकांची यादी. तो आवाज मुद्दाम पुढे आणलेला नाही. ड्रमच्या मागे, अर्धवट ऐकू येईल असाच ठेवलाय. मिक्सिंग करणारा माणूस म्हणून सांगतो, तो आवाज थोडासा वर केला असता तर ते नाटकी झालं असतं. आहे त्या पातळीवर तो अंगावर येतो, कारण तो आपण शोधून काढतो. युद्धाविरुद्ध भाषण नाही, आक्रोश नाही. या अल्बमचं शहाणपण कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी आधी हीच जागा दाखवतो.

त्याला लागून 'बलून बर्निंग'. एकच टोचणारी गिटार सतत चालू, ढोल थांबतच नाही, आणि गाणारे जणू बातमी ओरडून सांगताहेत. इथे शोक नाही, घबराट आहे. शोक पुढच्या 'डेथ'मध्ये येतो: संथ, जड पावलांचा, तळाशी एक घोंघावणारा सूर. एलपीची पहिली बाजू इथे संपते. रेकॉर्ड उलटायला उठावं लागतं तो वेळ या जागी फार नेमका पडतो. फोनवर ऐकत असाल तर इथे स्वतःच थांबा, लगेच पुढचं लागू देऊ नका. दुसरी बाजू 'बॅरन सॅटर्डे'ने सुरू होते, आणि ते गाणं एकदम खट्याळ आहे. डिक टेलरने गायलेलं, मधेच सगळं थांबून नुसता ढोलताशांचा, हाताला येईल ते बडवल्यासारखा तुकडा. 'डेथ'नंतर लगेच ऐकलं तर ते विचित्र वाटतं; मधे श्वास घेतला तर तो बॅरन खरोखर दारात येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या बाजूबद्दल एक स्पष्ट मत. 'वेल ऑफ डेस्टिनी' हा नुसत्या ध्वनींचा छोटा तुकडा मला एकट्याने कधीच भावला नाही. तो 'आय सी यू' आणि 'ट्रस्ट' यांच्या मधला जिना आहे, एवढंच. पण 'आय सी यू' हे माझ्या लेखी अल्बममधलं सर्वोत्तम गाणं. ते हळूहळू चढतं, आणि चढताना माणूस आतून मोडतोय हे आवाजाच्या ताणातून कळतं. 'ओल्ड मॅन गोइंग'मधली अकूस्टिक गिटार इतक्या जोराने छेडलीय की ती तालवाद्यच होते. आणि मग दीड मिनिटाचं 'लोनलिएस्ट पर्सन': एक गिटार, एक गळा, संपलं. चाळीस मिनिटं थरांवर थर चढवून शेवटी सगळं काढून घेण्याचं धाडस फार थोड्यांनी केलंय.

आपल्याकडचे श्रोते सतारीबद्दल हटकून विचारतात. 'ब्रेसलेट्स ऑफ फिंगर्स'मध्ये आणि 'डेथ'मध्ये तिचा रंग आहे. तिच्याकडून राग, मींड, बढत यांची अपेक्षा ठेवलीत तर निराशा होईल. ही रॉक वाजवणारी माणसं. सतार त्यांच्यासाठी एक झंकारणारा, तळ धरून राहणारा ध्वनी होता. त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश रेकॉर्डींवर सतार नुसती अत्तरासारखी शिंपडलेली असते. 'डेथ'मध्ये ती तशी नाही, तिथे ती सुतकाचं वजन वाढवते. याच सत्रांच्या काळात, १९६८च्या जानेवारीत, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करत होता. तिथे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशी तयारीची माणसं वाजवत होती. ते काम आणि हे काम शेजारी ठेवून एकाला खरं, दुसऱ्याला खोटं ठरवण्यात अर्थ नाही. दोघांची गरजच वेगळी होती.

इतकं चांगलं होतं तर बुडालं का? कारणं बरीचशी कॅलेंडरात आहेत. १९६८च्या २२ नोव्हेंबरला बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा दुहेरी अल्बम आला. त्याच दिवशी किंक्सचा 'व्हिलेज ग्रीन' आला आणि तोही तेव्हा पडलाच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्टोन्सचा 'बेगर्स बँक्वेट'. नाताळच्या खरेदीत या सगळ्यांमध्ये, चार वर्षांपूर्वी गाजून गेलेल्या बँडची मरण आणि एकाकीपणावरची रेकॉर्ड कोण उचलणार? शिवाय वारा फिरला होता. सायकेडेलिया, म्हणजे स्वप्नवत, रंगीबेरंगी ध्वनींच्या रॉकचा बहर १९६७चा. वर्षभरात मंडळी पुन्हा ब्लूजकडे, साध्या गिटारीकडे वळली होती. कंपनीने जोर लावला नाही. कव्हरचं चित्रही फिल मेने स्वतःच काढलं होतं.

बँडही आतून हलला होता. ड्रमर स्किप ॲलन सत्रांच्या मधेच सोडून गेला, त्याच्या जागी टुमॉरो या बँडमधला ट्विंक आला. म्हणून अल्बमवर दोन ड्रमर आहेत. स्टेजवर तर हे सगळं वाजवणं त्या काळच्या साधनांनी अशक्यच होतं. १९६९मध्ये डिक टेलरही बाहेर पडला. ज्या वर्षी अमेरिकेत ओळख व्हायची, त्याच वर्षी बँडचा मुख्य गिटारवादक जागेवर नव्हता.

पुनर्शोध हळूहळू, पुनर्मुद्रणांतून आणि एकाने दुसऱ्याला ऐकवण्यातून झाला. त्यातला मोठा टप्पा १९९८चा. कंपनीशी चाललेला जुना हक्कांचा वाद मिटल्यावर बँडची जुनी मंडळी पुन्हा ॲबी रोडलाच जमली आणि अख्खा अल्बम सलग वाजवला. निवेदन गायक आर्थर ब्राउनचं, काही गाण्यांत गिटारला पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर, आणि प्रक्षेपण इंटरनेटवर, जेव्हा तसं कुणी फारसं करत नव्हतं. 'रिसरेक्शन' नावाने ते निघालंय. तुम्हाला कथा कळत नसेल तर ते जरूर ऐका, कारण मधलं निवेदन तिथे बोलून दाखवलंय. पण पहिल्यांदा तेच ऐकू नका. गळे तीस वर्षांनी थोराड झालेत, आणि मूळातली ती मुरलेली दाटी प्रत्यक्ष वादनात येत नाही.

आवृत्तीचं म्हणाल तर मोनो घ्या, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणारी. तेव्हा ब्रिटनमध्ये मोनो आणि स्टीरिओ अशी दोन वेगळी मिक्सिंग होत. या अल्बमचीही आहेत. स्टीरिओत आवाज डावी-उजवीकडे फेकलेले आहेत, ते दिवाणखान्यातल्या स्पीकरवर मजेदार वाटतं, पण कानात इअरफोन घालून ऐकताना गाण्याचा कणा विस्कटतो. मोनोत ड्रम, बेस आणि गिटार एका मुठीत येतात. 'बलून बर्निंग' दोन्हीकडे लागोपाठ ऐकलंत तर मला जास्त सांगावं लागणार नाही. काही पुनर्मुद्रणांवर मोनो आहे, काहींवर स्टीरिओ. घेण्याआधी मागचा मजकूर वाचा. मूळ ब्रिटिश एलपी कोलंबिया लेबलची, मोनो एसएक्स ६३०६ आणि स्टीरिओ एससीएक्स ६३०६. तिच्या किमती आता संग्राहकांच्या पलीकडे कुणाला परवडणाऱ्या नाहीत. नुसतं ऐकण्यासाठी ती घेऊ नका. जीर्ण मूळ प्रतीपेक्षा टेपवरून नीट केलेलं पुनर्मुद्रण केव्हाही चांगलं वाजतं. आणि कुठलीही आवृत्ती असो, इक्वलायझर बंद ठेवा. वरचे स्वर वाढवले की टेपची सरसर तेवढी पुढे येते, स्पष्टता नाही.

बऱ्याच पुनर्मुद्रणांच्या शेवटी त्या काळातली सिंगल्स जोडलेली असतात. ती अल्बमला लागून वाजू देऊ नका, 'लोनलिएस्ट पर्सन'नंतरची शांतता फुकट जाते. पण वेगळ्या बैठकीत 'डिफेक्टिंग ग्रे' अवश्य ऐका. १९६७च्या नोव्हेंबरातलं हे गाणं म्हणजे 'सॉरो'च्या कामाची तालीमच: नाजूक, डुलणारी तीन मात्रांची चाल आणि दणदणीत रॉक यांचे तुकडे थेट कापून एकमेकांना जोडलेत. ते आवडलं की १९७०चा 'पॅराशूट' घ्या. त्यात टेलर नाही, स्किप ॲलन परत आलाय, निर्माता स्मिथच आहे, आणि आवाज खूप मोकळा आहे. 'सॉरो'ची दाटी ज्यांना झेपत नाही त्यांना मी कधीकधी आधी 'पॅराशूट'च देतो आणि मग मागे आणतो. तुम्हाला दोन-तीन गाणी आधीच आवडली आहेत, म्हणजे तुम्ही सरळ मोनो 'सॉरो'वर जायला हरकत नाही. ते गद्य मात्र आधी वाचा.